पित्त असेल म्हणून गेलेली १६५ मिनिटं

आज पाहुणा नाही, मीच बोलणार आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं की गेल्या जूनमध्ये भाग मध्येच का बंद पडले. तेव्हा मी 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलं होतं. ती अडचण म्हणजे माझ्या नवऱ्याला आलेला हार्ट अटॅक. त्याचं वय ३४.

हे बोलायला त्याची परवानगी घेतली आहे. अट एकच, नाव घ्यायचं नाही. "मेहकरात मले सगळे ओळखतात, तू आणखी फेमस नको करू," असं म्हणाला. घरात मोठ्यांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, इथे 'तो' म्हणणार आहे. सासूबाई ऐकत असतील तर माफ करा.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्याच्या एका कंपनीचं काम मेहकरच्या घरातून करते. मेहकर म्हणजे बुलढाणा जिल्हा, पैनगंगेच्या काठचं गाव, लोणार सरोवराच्या जवळचं. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. आणि ज्याला आमच्याकडचा जून माहीत आहे त्याला कळेल की तेव्हा कृषी केंद्रवाल्याला मरायलाही वेळ नसतो. हे वाक्य आम्ही दरवर्षी हसत म्हणायचो. आता नाही म्हणत.

एक चांगला पाऊस झाला की सगळ्यांना एकाच दिवशी सोयाबीनचं बियाणं आणि डीएपी पाहिजे असतं. त्या दिवशी तो सकाळी आठपासून दुकानात होता. जेवण नाही, चहा सहा-सात वेळा, आणि पुडी चालूच. तंबाखूची पुडी हो, आमच्याकडे फक्त 'पुडी' म्हटलं तरी पुरतं. संध्याकाळी हमाल कमी पडले म्हणून याने स्वतः खताची पोती उतरवली.

आता पुढचं मी मिनिटांसकट सांगणार आहे, कारण मी ते शोधून काढलं आहे. आमच्या कामात सिस्टीम बंद पडली की नंतर बसून लॉग काढतात, कुठे किती वेळ गेला ते बघतात. त्याला 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. इथे तो शब्द तोंडातून निघत नाही, पण केलं मी तेच. तो आयसीयूमधून बाहेर आला आणि चौथ्या दिवशी मी दुकानाचा सीसीटीव्ही, माझा कॉल लॉग, यूपीआयचे मेसेज असं सगळं जुळवत बसले. मला सिद्ध करायचं होतं की चूक गावाची आहे. मोठ्या शहरात असतो तर असं झालं नसतं, हे मला सगळ्यांना आकड्यांत दाखवायचं होतं.

सीसीटीव्हीत ७:४० ला तो पोतं टेकवतो, छातीच्या मधोमध मूठ दाबतो आणि स्टुलावर बसतो. समोर गिऱ्हाईक उभं. हा बसूनच पावती फाडतो. घाम पुसतो. ८:२५ ला शटर ओढतो आणि गाडीला किक मारून, हो, स्वतः मोटारसायकल चालवत घरी येतो.

८:३० पासून ९:५० पर्यंत घर. आधी सोडा, मग इनो, मग थंड दूध. सासूबाई म्हणाल्या, "पित्त असीन. दिवसभर उपाशी, वरून भजे खाल्ले." त्याने स्वतःही तेच सांगितलं. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते, कान अर्धवट इकडे. तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. शेवटी उलटी झाली तेव्हा मी उठले. पाठीवर हात ठेवला तर बनियन पिळून काढावं इतकं ओलं, आणि अंग थंड. जूनच्या उकाड्यात अंग थंड! तेव्हा म्हटलं, चला दवाखान्यात.

१०:०५ ला एका दवाखान्यात पोचलो. गॅसचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, उद्या बरं नाही वाटलं तर या म्हणाले. ईसीजी काढला नाही. मीही 'काढा' म्हटलं नाही. मला सुचलंच नाही, बीटेकच्या चार वर्षांत मी सिग्नल प्रोसेसिंग शिकले आहे आणि असाइनमेंटला ईसीजीचाच सिग्नल होता. १०:४० ला तिथून निघालो, पाच मिनिटांत परत घरी. अकराच्या सुमारास तो म्हणाला, "दाढ दुखून राहिली." डावी, खालची. मी दाढेसाठी लवंग शोधायला उठले. खरंच उठले.

लवंगेचा डबा हातात घेऊन मी मैत्रिणीच्या बहिणीला फोन लावला. ती अकोल्यात डॉक्टर आहे. सव्वाअकरा वाजले होते. तिने माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि विचारलं, "ईसीजी काढला का?" मी म्हटलं, नाही, पित्त आहे बहुतेक. ती म्हणाली, "ते ईसीजी ठरवेल. आत्ता निघ. त्याला चालवू नको, गाडीवर मागे बसवू नको, चारचाकी बघ."

शेजाऱ्यांची गाडी काढली. ११:३५ ला दुसऱ्या दवाखान्यात. ११:४१ ला ईसीजीचा कागद बाहेर आला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा फोटो छत्रपती संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला. मोठा अटॅक, डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी बंद. गोळ्या चघळायला दिल्या, रक्तस्रावाचा काही त्रास, ऑपरेशन, अल्सर असं काही आहे का ते विचारलं, आणि १२:०५ ला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. समृद्धी महामार्गावरून दोन तासांत संभाजीनगर. सकाळी अँजिओग्राफी, एक स्टेंट.

आता माझा हिशोब ऐका. ७:४० ते १२:०५ म्हणजे २६५ मिनिटं. गावातल्या गावात येण्याजाण्यात गेली ३५. पहिल्या दवाखान्यात ३५. दुसऱ्या दवाखान्यात पाय ठेवल्यापासून इंजेक्शनपर्यंत ३०. उरलेली १६५ मिनिटं दुकानात आणि घरात गेली. सोडा, इनो, दूध, लवंग. संभाजीनगरचा रस्ता या हिशोबात येतच नाही, कारण तो सुरू होण्याआधी औषध शरीरात गेलेलं होतं.

मला वाटत होतं की लांबच्या रस्त्याने घात केला. लॉग बघितल्यावर कळलं की सगळ्यात जास्त वेळ आमच्याच ओट्यावर गेला.

थोडं शास्त्र सांगते, कारण ते कळल्यावर माझी चिडचिड कमी झाली. हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणाऱ्या नळ्या वेगळ्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एक दिवस त्या थराला तडा जातो, शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नळी बंद. पुढचा स्नायू मरायला लागतो आणि तो मेलेला भाग परत उगवत नाही. म्हणून डॉक्टर मिनिटं मोजतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन १२ तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी इंजेक्शन द्यावं, अशी जगभरची पद्धत आहे. म्हणजे आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांसाठी हे इंजेक्शनच मोठी गोष्ट आहे.

आणि पित्ताचा गोंधळ का होतो? हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून येणाऱ्या नसा मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. मेंदूला नेमकं कळत नाही की दुखतंय कुठे. म्हणून कुणाला छातीत जळजळ, कुणाला खांदा, कुणाला पाठ, कुणाला जबडा. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं, असं काही नसतं. माझ्या नवऱ्याला दोनदा ढेकर येऊन बरं वाटलं होतं.

तुम्ही म्हणाल, खेड्यातली माणसं असंच करणार. तर मुंबईचं उदाहरण घेऊ. १४ डिसेंबर २०२३. श्रेयस तळपदे, वय ४७, 'वेलकम टू द जंगल'चं शूटिंग करून घरी आले, अस्वस्थ वाटायला लागलं. पत्नी दीप्ती यांनी त्यांना लगेच अंधेरीच्या हॉस्पिटलला नेलं. त्या रात्री त्यांचं हृदय काही मिनिटं थांबलं होतं, शॉक देऊन परत सुरू केलं, मग अँजिओप्लास्टी झाली. नंतर मुलाखतींमध्ये त्यांनी सांगितलं की काही महिन्यांपूर्वीच तपासण्या केल्या होत्या, कोलेस्टेरॉल जास्त होतं, गोळ्या चालू होत्या, घरात हृदयविकार होता. माणूस काळजी घेत होता तरी झालं. आणि वाचले, कारण बायको सकाळपर्यंत थांबली नाही. मी ती बातमी तेव्हा वाचली होती, शेअरसुद्धा केली होती. आपल्या घरात ती लागू पडेल असं डोक्यातच आलं नाही.

कर्नाटकात पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला गेले, वय ४६. त्यानंतर बंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी तरुणांची रीघ लागली होती. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्या नावाने योजना काढली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी, तो दूरवरून वाचला जातो, आणि गरज असेल तर तेच गुठळीचं इंजेक्शन मोफत. मला ही योजना फार आवडते, कारण ती बरोबर त्या जागी वेळ वाचवते जिथे आमचा गेला.

आता एका विषयावर पटकन बोलते, नाहीतर कमेंटमध्ये तेच येणार. "लसीमुळे झालं." आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिल्याच दिवशी हे येऊन पडलं होतं. आयसीएमआरने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढलेला त्यात दिसला नाही. दिसलं ते असं: घरात कुणाचा अचानक मृत्यू, कोविडमुळे झालेली भरती, अति दारू, अचानक केलेले खूप कष्ट.

घरात अचानक मृत्यू. यावर मी अडकले. माझे सासरे ५१ व्या वर्षी गेले. लग्न ठरताना आम्हाला सांगितलं होतं, "शेतातून आले, जळजळ होते म्हणाले, पडले, अचानक गेले." गावात 'अचानक गेले' हे मृत्यूचं कारण म्हणून चालतं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत हृदयविकाराने गेले असतील, किंवा आई-बहीण ६५ च्या आत, तर डॉक्टर मुलांना जास्त जोखमीचं धरतात. आम्ही पत्रिका बघितली, गोत्र बघितलं, हे नाही विचारलं. तुमच्या घरात कोण 'अचानक' गेलं आहे, ते या आठवड्यात आईला विचारा.

तशीही आपल्याकडे ही गोष्ट लवकर येते. २००४ च्या 'इंटरहार्ट' अभ्यासात ५२ देशांची माहिती होती. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ च्या आसपास, बाकीच्यांना ५८-५९ च्या. त्याच अभ्यासात असंही दिसलं की नुसती चघळायची तंबाखूसुद्धा धोका दुपटीच्या आसपास नेते. आमच्याकडे सिगारेट ओढणाऱ्याला नावं ठेवतात आणि पुडीवाल्याला कुणी काही म्हणत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर चार मोठ्या माणसांमागे जवळपास एक जण बिनधुराची तंबाखू खाणारा निघाला होता.

घरी आल्यावर काय केलं ते सांगते. मोठं काही नाही केलं. दुकानाच्या काउंटरवर, जिथे बियाण्यांच्या कंपन्यांची पोस्टरं असतात, तिथे एक कागद चिकटवला. 'छातीत दाब किंवा जळजळ, सोबत घाम, हात-जबडा-पाठ दुखणं, धाप, पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर ईसीजी. स्वतः गाडी चालवू नका. १०८ लावा.' नवऱ्याने खाली हाताने लिहिलं, 'मी इनो घेतलं होतं.' माझ्या वरच्या चार ओळी कुणी वाचत नाही, ती एक ओळ सगळे वाचतात आणि विचारतात, "भाऊ, हे काय लिहिलं?" मग तो सांगत बसतो. खताची गाडी येईपर्यंत लोकांना वेळच असतो.

संक्रांतीला हळदी-कुंकवात मी वाणासोबत तोच कागद दिला. सासूबाई आधी नाराज होत्या, "सणाच्या दिवशी अटॅकचं काय?" पण मी मुद्दाम बायकांनाच दिला. दुखतंय तो माणूस 'काही नाही' म्हणतो, घाबरतो, लाजतो, खर्च मोजतो. उठवून न्यायचं ठरवतं घरातलं दुसरं माणूस. आमच्या घरात ते माणूस मी होते आणि मीटिंगमध्ये होते.

त्या दिवशी एका काकूंनी हळूच विचारलं, "बायांनाही येतो का?" येतो. आणि बायकांमध्ये बऱ्याचदा छातीत कळ कमी आणि थकवा, मळमळ, धाप, पाठदुखी असं जास्त, म्हणून आणखी उशीर होतो. मधुमेह असेल तर दुखणं जाणवणारसुद्धा नाही कधीकधी. काकूंना मधुमेह होता.

पुढच्याच महिन्यात त्या कागदामुळे एक वहिनी रात्री नवऱ्याला घेऊन गेल्या. ईसीजी नॉर्मल, तरी डॉक्टरांनी थांबवून घेतलं, काही वेळाने परत काढला, रक्ताची ट्रोपोनिनची तपासणी केली. हे बरोबरच, कारण पहिला ईसीजी कधीकधी साफ येतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात. शेवटी ते पित्तच निघालं. वहिनी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "फुकट पैसे गेले नं बाई, अन् हे वरून चिडले." मला काय बोलावं सुचेना. मी त्यांना चहा पाजला. त्या रात्रीचे तसे पैसे फुकट जावेत म्हणून मी काहीही दिलं असतं, हे मी त्यांना तेव्हा नाही सांगितलं, आज इथे सांगते.

पैशांवरून आठवलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आता मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं. रेशन कार्ड आणि आधारचा फोटो फोनमध्ये ठेवा, आजच. स्टेंटच्या किमतीवरही फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. औषधवाल्या स्टेंटची तेव्हा २९,६०० रुपये ठरली होती, नंतर थोडीफार बदलत गेली. बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागता येते.

आता त्याची तब्येत. हृदय एका ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर टाकतं त्याला ईएफ म्हणतात, साधारण ५५ टक्क्यांच्या वर असावा. त्याचा डिस्चार्जच्या वेळी ४० होता. तीन महिन्यांनी ४५. पोती उचलणं बंद, हमाल वाढवला. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, त्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत एक दिवसही बंद करायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होते. याने "आता बरं वाटते" म्हणून एक बंद केली होती. मी रागारागात एक बॉट बनवला, रोज सकाळी आठला त्याला मेसेज, उत्तर नाही दिलं तर मला. त्याने बॉट म्यूट केला. मग सासूबाईंनी गोळ्यांचं पाकीट साखरेच्या डब्यात ठेवलं. गोळी घेतल्याशिवाय चहा नाही. पाच महिने झाले, एक दिवस चुकला नाही. माझ्या बीटेकचं काय करायचं ते बघू.

पुडीचं मात्र सांगायलाच हवं, नाहीतर हा भाग खोटा होईल. तीन महिने पूर्ण बंद होती. दिवाळीच्या आसपास त्याच्या शर्टाच्या खिशात सापडली. मी ओरडले, तो गप्प बसला, मग म्हणाला, "दुकानात दिवसभर मरणाबद्दल सांगतो लोकांना, संध्याकाळी हात आपोआप तिकडे जाते." चार दिवस आम्ही बोललो नाही. आता तो तंबाखू सोडवायच्या समुपदेशनाला जातो, निकोटिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चालू केल्या आहेत. गेले सात आठवडे खिसा रिकामा आहे. मी रोज बघते. त्याला माहीत आहे की मी बघते, आणि त्यावरूनही आमचं होतं कधीकधी.

उद्या सकाळी त्याची टूडी इको आहे, संभाजीनगरला. पहाटे साडेपाचला निघायचं आहे म्हणून इथेच थांबते. रिपोर्टचा आकडा पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगेन. तोपर्यंत त्या आईला विचारायच्या प्रश्नाचं उत्तर मला मेसेजमध्ये पाठवा.